जुन्या भाषांचा शब्दपसारा: ही लांबी नेमकी कशाची?

घणसोलीकर (प्रश्न)

नमस्कार. गेली पाच वर्षे मी पायथन या संगणकभाषेत काम करत आले आहे. तीन महिन्यांपूर्वी माझी बदली महापे येथील कार्यालयात एका विमा कंपनीच्या कामावर झाली आणि पहिल्यांदाच कोबोल या जुन्या संगणकभाषेतला एक मोठा प्रोग्राम माझ्यासमोर आला. पॉलिसीधारकाच्या वार्षिक हप्त्यावरून मासिक, तिमाही आणि सहामाही हप्ता काढणारा हा प्रोग्राम ४,२०० ओळींचा आहे. त्याचे पायथनमध्ये रूपांतर करण्याचे काम आमच्या चौघांच्या गटाकडे आहे. पहिले काही दिवस मी त्याच्या छापील प्रती ठाण्याहून घणसोलीला येता-जाता लोकलमध्ये वाचत असे आणि दर वेळी एकच प्रश्न पडत असे, की इतके सांगण्यासारखे यात आहे तरी काय?

पहिल्या १,६०० ओळींत एकही हिशेब होत नाही. कोणते फील्ड (एका माहितीसाठी नाव देऊन राखलेला कप्पा) किती आकडी, कोणते कोणाच्या पोटात, एवढेच तिथे नोंदलेले आहे. त्यानंतर हिशेब सुरू होतो, तोही अशा वाक्यांत (मूळ कोड अर्थातच रोमन लिपीत आहे, इथे मी तो देवनागरीत उतरवला आहे):

मल्टिप्लाय अ‍ॅन्युअल-प्रीमियम बाय मोड-फॅक्टर गिव्हिंग मोड-प्रीमियम.

म्हणजे वार्षिक हप्त्याला त्या त्या प्रकारच्या हप्त्याच्या गुणकाने गुणा आणि उत्तर 'मोड-प्रीमियम'मध्ये ठेवा. पायथनमध्ये याला एक गुणाकाराचे चिन्ह पुरते. हप्त्याचा जो पॅरा (नाव दिलेला आज्ञांचा तुकडा) कोबोलमध्ये ४१ ओळींचा होता, तो मी सहा ओळींत बसवला, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मला फार समाधान वाटले होते. दुसऱ्या दिवशी जुन्या आणि नव्या प्रोग्रामची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा मासिक हप्त्याच्या अनेक नोंदींत एका पैशाचा फरक दिसला. एक उदाहरण देते. वार्षिक हप्ता ८,७६५ रुपये, मासिक गुणक ०.०८७५, गुणाकार ७६६.९३७५. माझ्या प्रोग्रामने ७६६.९४ रुपये दिले, कोबोलने ७६६.९३. वर्षाकाठी एका पॉलिसीमागे बारा पैसे. पण विम्याच्या हिशेबात बारा पैशांचाही जाब द्यावा लागतो.

हा फरक कुठून आला, हे मला कळले नाही, म्हणून पहिला प्रश्न तोच. दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. जुन्या भाषा शब्दबंबाळ होत्या असे आपण सहज म्हणून जातो, पण ही लांबी भाषेच्या दोषाची, की सांगायच्या विषयाचीच? आणि एखादी भाषा अधिक 'अभिव्यक्तिक्षम' आहे असे म्हणताना ओळी मोजायच्या, की आणखी काही?

नौपाड्यातील जुना प्रोग्रामर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसलेल्या एका शब्दात आहे. 'मोड-प्रीमियम' हे फील्ड दशांश चिन्हापुढे दोनच स्थळांचे असणार. कोबोलमध्ये उत्तर फील्डपेक्षा लांब निघाले, तर उजवीकडची जादा स्थळे सरळ कापली जातात. पूर्णांकन हवे असेल, तर 'गिव्हिंग मोड-प्रीमियम राउंडेड' असे स्पष्ट लिहावे लागते. ते लिहिलेले नाही, म्हणून ७६६.९३७५ चे ७६६.९३ झाले. आपण रूपांतर करताना सवयीने पूर्णांकन केले आणि मूळ प्रोग्राममध्ये नसलेली एक आज्ञा आपल्या हातून जोडली गेली. जिथे राउंडेड लिहिलेले आढळेल, तिथेही एक काळजी घ्यावी: कोबोल नेमक्या अर्ध्याला शून्यापासून दूरच्या बाजूला नेते, म्हणजे २.५ चे ३ करते, तर पायथनमधील नेहमीचे पूर्णांकन जवळच्या सम संख्येकडे जाते आणि २.५ चे २ करते.

आता त्या १,६०० ओळींविषयी. मी नोकरीची पहिली अनेक वर्षे कोबोलमध्येच काढली, आणि माझे मत असे आहे की आपण ज्या भागात 'एकही हिशेब होत नाही' असे म्हणता, तोच या भाषेचा सर्वांत नेमका आणि सर्वांत आटोपशीर भाग आहे. 'पिक' (पिक्चर, म्हणजे फील्डचे चित्र) ने सुरू होणाऱ्या 'पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३' एवढ्या अक्षरांत काय काय सांगून झाले, ते पाहा. रक्कम ऋणही असू शकते. दशांश चिन्हाआधी सात आणि नंतर दोन स्थळे आहेत. ते चिन्ह प्रत्यक्ष साठवायचे नाही, फक्त त्याची जागा ध्यानात ठेवायची. आणि प्रत्येक अंक अर्ध्या बाइटमध्ये बसवायचा, म्हणजे नऊ अंक आणि एक चिन्ह मिळून पाच बाइट. पैसा इथे दशमान पद्धतीतच राहतो, त्यामुळे ०.१ ही साधी संख्या द्विमान अपूर्णांकात नेमकी बसत नाही, ही अडचण इथे उद्भवतच नाही. पायथनमध्ये हे सगळे साधायचे, तर डेसिमल हा दशमान संख्यांचा प्रकार आणावा लागेल, स्थळे सांगावी लागतील, छाटणीचा नियम सांगावा लागेल, आणि तेही दर हिशेबाच्या वेळी आठवणीने करावे लागेल.

छापायच्या फील्डचे चित्र तर मला आजही सुंदर वाटते. 'झेडझेड,झेडझेड,झेडझेड९.९९' असे लिहिले, की १२३४५६७.५ ही रक्कम कागदावर १२,३४,५६७.५० अशी उमटते. स्वल्पविराम आपण जिथे काढला तिथेच पडतो, म्हणून लाख-कोटींची आपली मांडणी या भाषेला वेगळी शिकवावी लागली नाही. रक्कम लहान असेल, तर पुढची शून्ये आणि स्वल्पविराम दोन्ही आपोआप कोरे राहतात. तसेच अटीला नाव देणाऱ्या ८८ क्रमांकाच्या पातळीचे. वयाच्या फील्डखाली '८८ मायनर व्हॅल्यू ० थ्रू १७' एवढे एकदा लिहिले, की पुढे कुठेही 'इफ मायनर' असे विचारता येते, आणि उद्या वयाची अट बदलली तर दुरुस्ती एकाच जागी होते.

क्रियापदांचा पसारा मात्र जाणूनबुजून केलेला आहे. १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये झालेल्या बैठकीतून या भाषेचे काम सुरू झाले आणि अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेची छाप तिच्यावर पडली. हिशेबाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्यालाही प्रोग्राम वाचता यावा, अशी त्यामागची धारणा होती. शिवाय 'कॉम्प्यूट' हे क्रियापद कोबोलमध्ये पहिल्यापासून आहे, आणि ते वापरून आपला गुणाकार चिन्हानेही लिहिता येतो. जुन्या लोकांनी 'मल्टिप्लाय' लिहिले ते बऱ्याचदा आपल्या कार्यालयाच्या शिरस्त्याप्रमाणे.

या लांबीकडे मी धनादेशावरच्या 'अक्षरी रुपये' या ओळीसारखे पाहतो. रक्कम आकड्यात लिहिलेली असतानाही ती अक्षरांत पुन्हा लिहायची, कारण हाताची एक चूक दोन्हीकडे सारखीच होणे अवघड असते. खरेदीखतात मिळकतीचे क्षेत्रफळ दिल्यावरही चतुःसीमा लिहितात, तेही याच कारणाने.

परंतु जिथे ही भाषा दुसऱ्यांदा सांगायला लावत नाही, तिथे ती घातही करते, आणि तो मी स्वतः भोगला आहे. जुन्या कोबोलमध्ये 'इफ'चा शेवट फक्त पूर्णविरामाने होत असे. 'एंड-इफ' १९८५ च्या प्रमाणित आवृत्तीत आले. त्यात ओळीला स्तंभांचे बंधन, कारण मूळ कल्पना ८० स्तंभांच्या पंचकार्डाची (छिद्रे पाडून मजकूर नोंदवायच्या पुठ्ठ्याची): पहिले सहा अनुक्रमांकाचे, सातवा खुणेचा, आठ ते बहात्तर प्रत्यक्ष मजकुराचे, आणि त्र्याहत्तरपासून पुढचे कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वाचतच नाही. एका कार्यालयाच्या पगाराच्या प्रोग्राममध्ये मी 'कर्ज असेल तर कपात वजा करा' असे वाक्य लिहिले होते आणि त्याचा पूर्णविराम नेमका त्र्याहत्तराव्या स्तंभात गेला. कागदावर तो मला दिसत होता, कंपायलरला दिसत नव्हता. त्यामुळे पुढचे 'निव्वळ पगार विभागाच्या बेरजेत मिळवा' हे वाक्यही त्याच अटीखाली गेले आणि बेरजेत फक्त कर्जदारांचेच पगार आले. व्याकरणदृष्ट्या सगळे बरोबर असल्यामुळे कंपायलरने चकार शब्द काढला नाही. तो पूर्णविराम शोधायला मला दोन रात्री लागल्या.

बेलापूरची गणितशिक्षिका

वरील प्रतिसाद मनापासून पटला. त्याला मी दुसऱ्या टोकाची बाजू जोडते, कारण 'जुनी भाषा म्हणजे लांबलचक' हे समीकरणच मुळात बरोबर नाही. कोबोलच्या मागेपुढेच केनेथ आयव्हर्सन गणितासाठी एक चिन्हलिपी घडवत होते. त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये आले आणि त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून पुढे त्या भाषेला एपीएल म्हणू लागले. तिच्यात 'अ' या यादीची सरासरी अशी निघते:

(+/अ)÷⍴अ

यादीतील सर्व संख्यांमध्ये अधिक चिन्ह घाला, आणि आलेल्या उत्तराला यादीच्या लांबीने भागा. यात लूप (तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणे) नाही, मोजणीचे व्हेरिएबल (बदलती किंमत ठेवायचे नाव) नाही, यादी कुठे संपते याची तपासणीही नाही. मला सांगायचे आहे ते असे, की इथे अक्षरे वाचली ही गोष्ट दुय्यम आहे. 'यादी' ही संपूर्ण वस्तू एका नावाने हाती घेता येते आणि तिच्यावर एकदम क्रिया करता येते, ही खरी अभिव्यक्ती. कोबोलच्या 'मल्टिप्लाय'च्या जागी चिन्ह ठेवले, तर केवळ लेखन आखूड होईल. विचार तितक्याच पायऱ्यांचा राहील.

हा फरक आपल्या परंपरेत फार जुना आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे वचन प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळे पाणिनीचे मोठेपण केवळ काटकसरीत आहे असा समज होतो. पण 'इको यणचि' हे सूत्र घ्या. 'इक्' म्हणजे इ, उ, ऋ, लृ हा गट. 'यण्' म्हणजे य्, व्, र्, ल् हा गट. 'अच्' म्हणजे सगळे स्वर. पहिल्या गटातील वर्णापुढे वेगळा स्वर आला, की त्याच्या जागी दुसऱ्या गटातील त्याच क्रमांकाचा वर्ण येतो. म्हणून प्रति आणि एक यांचे प्रत्येक होते, सु आणि आगत यांचे स्वागत. चार नियम एका सूत्रात आले, कारण वर्णांची यादी आधीच अशा क्रमाने लावलेली आहे की तिच्यातील गटांना दोन वर्णांचे नाव देता यावे. एपीएल शिकवताना मी हेच उदाहरण फळ्यावर लिहीत असे. संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या, संगणकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, असे १९६७ मध्ये एका अभ्यासकाने सुचवले होते, तेही अगदीच अस्थानी नव्हते.

पण आटोपशीरपणाची किंमतही असते. एपीएलमध्ये क्रियांना प्राधान्यक्रम नाही, सर्व हिशेब उजवीकडून डावीकडे होतो, त्यामुळे ३×२+४ चे उत्तर १८ येते. शाळेचे गणित डोक्यात ठेवून वाचणारा तिथे हमखास चुकतो. फोर्ट्रानचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५७ मध्ये आलेल्या या भाषेत सूत्र जवळजवळ कागदावरच्यासारखे लिहिता येऊ लागले, ही मोठीच सोय होती. मात्र रिकाम्या जागेला तिथे अर्थ नव्हता आणि व्हेरिएबल आधी जाहीर करण्याची सक्तीही नव्हती. 'डू १० आय = १,१०' म्हणजे आय हा १ पासून १० पर्यंत फिरवा. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले, तर 'डू१०आय' नावाचे एक नवेच व्हेरिएबल जन्माला येते आणि त्यात १.१० ही किंमत ठेवली जाते. लूप नाहीसा होतो आणि कंपायलर समाधानी असतो. 'अक्षरी रुपये' लिहायला न लावणाऱ्या भाषेत टिंबाएवढ्या चुकीलाही पूर्ण अर्थ मिळतो.

डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये कोबोल आणि एपीएल या दोघींनाही एकाच टिपणात कठोर शब्दांत फटकारले होते, ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. इतक्या परस्परविरुद्ध टोकांच्या भाषा एकाच माणसाला नापसंत होत्या, तर त्याची तक्रार लांबीबद्दल नसणार, हे उघड आहे.

ऐरोलीकर

मी सध्या याच प्रकारच्या कामावर आहे, त्यामुळे थोडा मतभेद नोंदवतो. डेटा डिव्हिजनची, म्हणजे फील्डांच्या नोंदी असलेल्या त्या भागाची, थोरवी मला मान्य आहे. पण ४,२०० ओळींचा जो खरा त्रास आहे, तो 'मल्टिप्लाय'चा नाही आणि नोंदींचाही नाही. जुन्या कोबोलमध्ये पॅराला काही देता येत नाही आणि पॅराकडून काही घेता येत नाही. 'परफॉर्म' म्हटले, की तो पॅरा चालतो. तो कोणती फील्डे वाचतो आणि कोणती बदलतो, हे त्या ओळीवरून अजिबात कळत नाही, कारण वर्किंग-स्टोरेजमधले (प्रोग्रामच्या कामाची फील्डे जिथे नोंदतात त्या भागातले) प्रत्येक फील्ड सर्वांसाठी खुले आहे. मग दुसऱ्या फील्डांवर तोच हिशेब करायचा असेल, तर लोक काय करतात? पॅरा जसाच्या तसा उतरवून घेतात आणि नावे बदलतात. आमच्याकडे एकाच व्याजाचा पॅरा सात नावांनी सात ठिकाणी आहे, आणि त्यातल्या एकात कधीतरी कोणीतरी एक अट घातली, ती बाकी सहांत नाही. ती अट मुद्दाम घातली की बाकीच्या ठिकाणी राहून गेली, हे सांगणारे आता कोणीही उरलेले नाही.

वेगळा प्रोग्राम करून 'कॉल' ने मूल्ये देण्याची सोय होती, आणि १९८५ नंतर प्रोग्रामच्या पोटात प्रोग्रामही लिहिता येऊ लागला, पण मी पाहिलेल्या जुन्या कोडमध्ये या सोयी क्वचितच वापरलेल्या आहेत. स्वतःचे फंक्शन लिहिण्याची सोय प्रमाणित भाषेत आली ती २००२ मध्ये. तोवर बहुतेक प्रोग्राम लिहून झाले होते. म्हणून माझ्या लेखी अभिव्यक्तीची कसोटी ही: मला जो विचार पुन्हा पुन्हा करायचा आहे, त्याला ही भाषा नाव देऊ देते का? ८८ पातळी अटीला नाव देऊ देते, म्हणून ती सर्वांना आवडते. हिशेबाला मात्र तसे नाव देता आले नाही.

आपल्या कामासाठी एक सूचना करतो. रूपांतराला हात घालण्यापूर्वी प्रत्येक पॅराच्या डोक्यावर दोन ओळी लिहा: कोणती फील्डे वाचली, कोणती बदलली. काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून कोणते पॅरे खरोखर एकच आहेत, ते दिसू लागते. आणि 'राउंडेड' हा शब्द कुठे आहे आणि कुठे नाही, याची वेगळी यादी करा. जिथे तो एकाच हिशेबाच्या दोन प्रतींपैकी एकीतच आहे, तिथे स्वतः निर्णय घेऊ नका, विमा कंपनीला लेखी विचारा.

घणसोलीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण ऐरोलीकरांनी सांगितलेली यादी पुरी करत होते.

जुन्या प्रोग्रामर सरांचे निदान अचूक निघाले. मोड-प्रीमियमचे चित्र 'पिक ९(७)व्ही९९' असेच आहे. तिमाही आणि सहामाहीच्या वाक्यांत राउंडेड आहे, मासिकच्या वाक्यात नाही. कंपनीला लेखी विचारले. त्यांच्याकडे एजंटांना दिलेला हप्त्यांचा जुना छापील तक्ता होता आणि त्यात ८,७६५ समोर मासिक हप्ता ७६६.९३ असाच छापलेला आहे. म्हणजे ग्राहकाला जे सांगितले गेले, तेच प्रोग्राम आजवर आकारत आला आहे, आणि ते तसेच ठेवायचे असे कंपनीने कळवले आहे. आता पायथनमध्ये मासिक हप्त्यासाठी डेसिमलची छाटणी आणि इतर दोन प्रकारांसाठी अर्ध्याला वर नेणारे पूर्णांकन, असे दोन वेगळे नियम नावानिशी लिहिले आहेत. माझ्या सहा ओळींच्या आता एकोणीस झाल्या आहेत.

वाचलेल्या-बदललेल्या फील्डांच्या यादीतून आणखी एक गोष्ट हाती लागली. 'मोड-फॅक्टर' हे फील्ड विलंब शुल्काच्या पॅरामध्येही बदलले जाते, आणि तो पॅरा फक्त मार्चअखेरच्या जॉबमध्ये चालतो. आमच्या चाचणीतली सगळी माहिती जुलै महिन्याची होती. उद्या मार्चची फाइल मागवते आहे.